जंगलाची काळी दोन

पदूनं गाडीचं इंजिन बंद केलं, काच खाली घेतली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. मागे बसलेल्या इलियासनंही तेच केलं.

"बाप रे बाप!" पदू ओरडला. "अरे, जंगल आहे का गिरणी?"

"या अल्ला," इलियास म्हणाला आणि हसायला लागला.

मी समोर बघितलं. मे महिन्याच्या उन्हानं पांढरा पडलेला रस्ता संपत होता आणि तिथून एकदम झाडं सुरू होत होती, इतकी दाट की आत भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं दिसत होतं. एक पान हलत नव्हतं. मिरजेपासून तीन तास पदूच्या ओम्नीचा खुळखुळाट ऐकल्यावर मला ती शांतता फार गोड वाटली. असल्या शांततेत हे दोघे कानांवर हात ठेवून का बसलेत, ते काही केल्या कळेना.

"दिगू, ऐकतोयस ना?" इलियासनं मागून विचारलं.

"ऐकतोय की," मी म्हणालो, आणि मीही कानांवर हात ठेवून हसलो.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मिरजेत वाद्यांच्या गल्लीत मला ओळखत नाही असा माणूस नव्हता. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे, थोडं फुशारकीनंच सांगतो. मी तंबोऱ्याची जवारी काढायचो. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला आम्ही घोडी म्हणतो. ती कानशीनं घासायची, केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे, आणि तार छेडून ऐकायचं. जमलं की एका तारेतून दहा सूर उघडतात, तंबोरा बोलायला लागतो. नाही जमलं तर तार नुसती ठक्क वाजते. कानस काय, कोणीही चालवेल. ती कुठे थांबवायची हे कान सांगतो, आणि माझा कान सांगायचा.

हे मला इलियासच्या वडिलांनी शिकवलं. याकूबचाचांनी. मी आणि इलियास एका वयाचे, एकाच दिवशी त्यांच्यासमोर शिकायला बसलो. चाचांनी वर्षभर दोघांचं काम बघितलं आणि मग इलियासच्या हातात रंधा दिला, माझ्या हातात कानस. सख्खा मुलगा समोर बसलेला असताना! इलियासनं चकार शब्द काढला नाही. तो दांडी आणि भोपळा करायचा, मी जवारी काढायचो. चाचा गेल्यावरही दुकान आम्ही तसंच चालवलं. चाचांचा एक दंडक होता. दुसऱ्याच्या जवारीची चूक तोंडानं सांगायची नाही. तंबोरा मुकाट्यानं त्याच्या गादीवर नेऊन ठेवायचा. तो छेडून बघेल, त्याचं त्याला कळेल. तोंडानं सांगितलं की माणसाचा कान बिचकतो, असं ते म्हणायचे.

तर, त्या वर्षी माझे तीन तंबोरे परत आले होते. एक धारवाडहून, दोन पुण्याहून. "जवारी बंद वाटते," असा निरोप. मी हवेला दोष दिला, तारांना दिला, शेवटी घेणाऱ्यांच्या अकलेलाही दिला. घरी बायको म्हणायची, "दारावरची चिमणीची बेल वाजून वाजून दमते आणि तुम्ही ढिम्म." मी म्हणायचो, बेल खराब झालीय. दोनदा नवी आणली. पण मनात पाल चुकचुकत होतीच. दिगंबर म्हणजे कान, एवढीच माझी ओळख होती. तो गेला तर मी कोण? एकोणपन्नासाव्या वर्षी दुसरं काय येतं मला? आणि सोमवारी पुण्याच्या एका मोठ्या गायिकेच्या तंबोऱ्यांची जोडी घेऊन बसायचं होतं. आठवडाभर मला झोप नव्हती. तेव्हा इलियासच म्हणाला, "चल, दोन दिवस पदूबरोबर जाऊन येऊ. डोकं मोकळं होईल."

पदू म्हणजे पद्माकर, आमचा तिसरा. शाळेत गाणं शिकवायचा, पेटी वाजवायचा आणि उरलेला वेळ बोलायचा. त्याच्या शाळेतल्या शिपायाचे वडील, धाकू झोरे, आंबा घाटाच्या वरच्या अंगाला जंगलाला लागून राहायचे. त्यांच्याकडे आम्ही उतरणार होतो.

झोरेमामा सत्तरीचे, काटक, डोक्याला लाल मुंडासं. त्यांच्याकडे म्हशींचं दाट दूध होतं, नाचणीच्या भाकऱ्या होत्या आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं.

"लई वरडाय लागल्यात न्हवं यंदा?" मामांनी जेवताना विचारलं.

"अहो, कान फाटायची वेळ आली," पदू म्हणाला. "कोण ओरडतंय एवढं?"

"किरकिरं. झाडावरचं किडं. वळीव जवळ आला की असंच. दिवसभर त्येंचंच राज्य."

तेव्हा कुठे मला समजलं की काहीतरी ओरडत होतं. दुपारपासून ओरडत होतं, कान फाटतील इतकं, आणि मी त्याच्या मधोमध बसून करवंदं खात होतो. मी म्हणालो, "हो ना, फारच." इलियास माझ्याकडे बघत होता. मी द्रोणात बघितलं.

सकाळी मामा आम्हाला जंगलात घेऊन निघाले. पहिल्या शंभर पावलांतच पदूची बडबड थांबली. पदू गप्प बसला, यावरून त्या जंगलाची कल्पना करा! मी जन्मभर मिरजेच्या गल्लीत राहिलेला माणूस. झाड म्हणजे मला घराएवढं ठाऊक. इथे खोडाची साल बघत मान वर न्यायची तर मान दुखायची, तरी फांदी यायची नाही. जांभळाच्या खोडांवर मखमलीसारखं शेवाळ. मनगटाएवढ्या वेली एका झाडावरून उतरून दुसऱ्यावर चढलेल्या. वरून कुठूनतरी उन्हाचा एखादा कवडसा खाली यायचा आणि त्यात बारीक धूळ तरंगत राहायची. मी चपला हातात घेतल्या. कोणी सांगितलं नव्हतं. उगाच घ्याव्याशा वाटल्या.

एकाएकी डोक्यावरून फस्स, फस्स असा जाड आवाज गेला. कोणीतरी मोठा भाता हलवावा तसा.

"काय आहे ते?" मी सगळ्यांच्या आधी वर बघितलं.

"धनेश," पदू कुजबुजला. "पंखांचा आवाज. केवढा पक्षी आहे बघ."

पिवळ्या भल्या मोठ्या चोचीचे दोन पक्षी झाडांच्या शेंड्यांवरून संथ निघाले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि आतून नुसता उसळत होतो. मला ऐकू आलं होतं! सगळ्यांच्या आधी! म्हणजे कान शाबूत आहेत. किड्यांची किरकिर नसेल येत, नसू दे, किडे काय ऐकायचे? त्या पाच मिनिटांत मी इतका हलका झालो की मामांच्या पुढे चालायला लागलो.

आत ओढ्याच्या काठी एका झाडापाशी मामा थांबले. तसलं खोड मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. आम्ही तिघांनी हात धरले तरी कव पुरली नसती. इलियासनं सालीवर हात फिरवला, पडलेलं एक पान उचलून चुरगाळलं, वास घेतला, आणि त्याचा चेहराच बदलला.

"दिगू," तो म्हणाला, "तून आहे हा."

तून म्हणजे ज्या लाकडाचा तंबोरा होतो ते झाड. तीस वर्षं इलियासनं तुनाच्या फळ्या चिरल्या होत्या. जिवंत उभा तून तो आज पहिल्यांदा बघत होता. त्यानं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि खोडाला दोन्ही हात लावून उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते.

गप्प राहणं पदूला किती वेळ सोसणार? त्यानं खिशातून पिचपाईप काढला. फुंकून सूर द्यायची ती छोटी चकती तो झोपतानाही उशाशी ठेवत असेल.

"इथे तर कहरच आहे," तो म्हणाला. "सगळ्या झाडावर तेच बसलेत. पण मंडळी, नीट ऐका, नुसती किरकिर नाहीये ही. एक सूर धरलाय त्यांनी." त्यानं फुंकून बघितलं. "पेटीवरची पांढरी तीन."

"काळी दोन," इलियास खोडापासूनच म्हणाला.

"हॅट! पांढरी तीन. लावतोस पैज?"

"काळी दोन आहे, पदू."

"तू रंधा मार. कानाचं काम कानवाल्याला विचारू." पदू माझ्याकडे वळला. "बोला दिगंबरराव. जंगल कुठल्या पट्टीत गातंय?"

नको म्हणायला हवं होतं मी. हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण माझ्या छातीत तो धनेश अजून उडत होता. शिवाय दोन सूर माझ्यासमोर पडलेच होते, अंदाजानं तिसरा सांगितला की झालं. मी डोळे मिटले. जवारी ऐकताना करायचो तसा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चांगला वेळ घेतला.

"दोघंही चुकताय," मी म्हणालो. "पांढरी चार. थोडी चढी. आणि वर आणखी एक बारीक सूर आहे, धाग्यासारखा. अजून चाललाय बघा. हां, आता थोडा उतरला."

मी डोळे उघडले. पदूनं पिचपाईप ओठांशी तसाच धरला होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. झोरेमामा वर आभाळाकडे बघत होते.

"आता तर गप झाली की ओ सगळी," मामा म्हणाले. "घार फिरली न्हवं का वर. तुमी डोळं मिटलासा, आनि त्येंनी त्वांड मिटलं. मघाधरनं चिटपाखरू वाजंना."

म्हणजे मी मिटल्या डोळ्यांनी काहीही नसलेलं ऐकत होतो. वर त्याची पट्टी सांगत होतो, आणि धागा!

"गंमत करतोय तो," पदू घाईघाईनं म्हणाला. "दिगू, गंमत केलीस ना रे? फिरकी घेतलीस आमची." तो हसला. ते हसू मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

मी इलियासकडे बघितलं. पदूला धक्का बसला होता. इलियासला नव्हता.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

त्यानं खोडावरचे हात काढून घेतले.

"इलियास, तुला माहीत होतं!"

"दीड वर्ष झालं," तो म्हणाला.

"काय दीड वर्ष?"

"तू संध्याकाळी घरी गेलास की मी तुझी घोडी काढतो. परत घासतो. परत बसवतो." तो खाली मातीकडे बघत बोलत होता. "जे तीन परत आले ते मी सासऱ्यांच्या आजारपणात हुबळीला होतो तेव्हाचे."

मला आधी कळलंच नाही. मग एकेक आठवायला लागलं. दीड वर्षात गेलेले तंबोरे. आलेली कौतुकाची पत्रं. कलकत्त्याच्या एका उस्तादांनी दुकानात येऊन माझे हात डोळ्यांना लावले होते. इलियास तेव्हा कोपऱ्यात भोपळ्याला रंग देत बसला होता. माझे हात!

"आणि तू मला इथे आणलंस," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "डोकं मोकळं करायला म्हणे! माझी परीक्षा घ्यायला आणलंस. या येड्या पदूच्या समोर, परक्या माणसासमोर. मिरजेत सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"कसं सांगू? अब्बांनी घालून दिलंय. तोंडानं नाही सांगायचं."

"मग गादीवर ठेवायचे होतेस तंबोरे."

"ठेवला होता. पहिला ठेवला होता." इलियासनं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. "तू छेडलास, मान हलवलीस, म्हणालास, वा! आणि तसाच खोक्यात भरलास."

मी पाठ फिरवली.

"परीक्षा नव्हती रे," तो म्हणाला. "पदू सांगत होता, इथे कान फाटतात. मला वाटलं, एवढा मोठा आवाज आहे. इथे तरी तुला येईल."

मी तिथून निघालो. कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं, नुसता झाडाला वळसा घालून पलीकडे गेलो आणि मुळांवर बसलो. राग होता, लाज होती, आणि खरं सांगायचं तर भीती सगळ्यांत जास्त होती. पानं हलत होती, ओढा वाहताना दिसत होता. या सगळ्यातलं मला किती ऐकू येतंय आणि किती मी मनानं भरतोय, याचा भरवसाच राहिला नव्हता.

थोड्या वेळानं झोरेमामा आले. न विचारता शेजारी उकिडवे बसले. मग उठून खोडावरून दोन बोटांनी काहीतरी अलगद उचललं.

"घार गेली, परत लागल्यात वरडाय. हात करा फुडं," ते म्हणाले. "चावत न्हाई."

त्यांनी ते माझ्या तळव्यावर ठेवलं आणि माझी मूठ मिटवली.

काय सांगू! मुठीत वीज धरल्यासारखं झालं. बोटाच्या पेराएवढा जीव, पण तो थरथरत होता तो माझ्या कोपरापर्यंत पोचत होता. भरगच्च, न थांबता. जवारी उघडलेल्या तारेवर बोट टेकवलं की जे हाताला लागतं तेच ते. मी जन्मभर ओळखत होतो ते.

"माझी आई शेवटाला काय बी ऐकत न्हवती," मामा म्हणाले. "तिला असं हातात द्यायचो. लई हसायची."

मी मूठ थोडी उघडली. पारदर्शक पंख, मोठे डोळे, आणि पोट नुसतं कापत होतं. मग मी मान वर केली. मघापासून मी त्या खोडाला टेकून बसलो होतो आणि साल समजत होतो ती निम्मी साल नव्हतीच. तेच होते सगळे. वितीवितीवर एक, हाताहाताला दहा, वर जिथपर्यंत नजर जात होती तिथपर्यंत. शेकडो, हजारो, आणि सगळ्यांची पोटं एका लयीत थरथरत होती. शेजारच्या झाडावरही. त्याच्या पलीकडच्याही. ते बघताना माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सगळं जंगल छेडलेलं होतं. कोणासाठी, कोणाच्या कानासाठी म्हणून नाही. मी असलो नसलो तरी छेडलेलंच होतं. मी रडत होतो, ते मामांनी गमच्याचं टोक पुढे केलं तेव्हा कळलं. पण मला आठवतंय, त्या वेळी मला वाईट वाटत नव्हतं. इतकं मोठं काही आपल्या एवढ्या जवळ असावं, याचंच मला नवल वाटत होतं.

इलियास मागे येऊन उभा राहिला होता. मामा उठून ओढ्याकडे गेले.

"बस," मी म्हणालो.

तो बसला.

"दीड वर्ष माझ्या नावावर खपवलंस. चाचांनी तुलाच द्यायला हवी होती कानस."

"तेव्हा तुझाच कान मोठा होता, दिगू. मला माहीत होतं. माझा नंतर तयार झाला. तुझं ऐकून ऐकून."

"सोमवारची जोडी तू कर. दिवसाउजेडी कर, माझ्यासमोर. आणि बाई न्यायला आल्या की मी सांगणार, जवारी इलियासची आहे."

"नको. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी सांगणार. तोंडानं सांगणार." चाचांचा दंडक मोडायचा म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला की मला त्याही वेळी हसू आलं.

मुठीतला किडा मी परत खोडावर सोडला. तो दोन बोटं वर सरकला आणि थांबला. त्याचं पोट पुन्हा थरथरायला लागलं.

"अजून ओरडतायत ना सगळे?" मी विचारलं.

"ओरडतायत. जोरात."

"खरंच काळी दोन?"

"काळी दोन."

"मला दे."

इलियास माझ्यासमोर कधी गायला नव्हता. चाचांच्या घरात गळा दुसऱ्यांचा, हात आपले, अशीच वाटणी होती. त्यानं इकडेतिकडे बघितलं, पदू दूर आहे याची खात्री केली. मग डोळे मिटून तो बराच वेळ त्या झाडाचं ऐकत राहिला. वरचा तो सूर त्यानं मनातल्या मनात एकेक सप्तक खाली आणला असावा, माझ्या कानाच्या टप्प्यात येईपर्यंत. मग माझा हात घेऊन त्यानं आपल्या छातीवर ठेवला आणि आकार लावला. भरड, न शिकलेला, पण तसूभरही न हलणारा सूर होता तो.

तो मला स्वच्छ ऐकू आला. त्याचा श्वास संपला की तो थांबायचा, पुन्हा वर ऐकायचा आणि पुन्हा लावायचा. जंगल अगदी असंच वाजतंय, असं तो म्हणाला, आणि मी ते मान्य केलं.